पडल्यावर नव्हे, पडण्याआधी

दिल्लीतील आम्हां मराठी नोकरदारांत एक समजूत रूढ झाली आहे. आईवडिलांना गावाहून आणले, सरकारी दवाखान्याचे कार्ड त्यांच्या नावे काढले आणि गोळ्यांचा डबा भरून ठेवला, म्हणजे पुत्रधर्म पुरा झाला! ही समजूत खोटी आहे, असे आम्हांस स्पष्ट म्हणावयाचे आहे. आणि दोषी मंडळींत आम्ही आपलीही गणना करतो.

दवाखान्यात काय घडते ते पाहा. डॉक्टर हिंदीत विचारतात, मुलगा हिंदीत उत्तरे देतो, आणि जिच्या प्रकृतीची चर्चा चालली आहे ती आई स्टुलावर मुकाट बसून राहते. रात्री उठताना तिला घेरी येते, मागल्या महिन्यात न्हाणीघरात तिचा पाय घसरला होता, हे मुलाला ठाऊकच नसते. मग तो सांगणार काय? घरी ‘तुला कशाला त्रास’ म्हणून ती गप्प, आणि ‘नसते अभद्र कशाला बोला’ म्हणून आपण गप्प. खुब्याचे हाड मोडले, की मात्र सर्वांनाच वाचा फुटते.

सरकारने काहीच केले नाही, असे नव्हे. २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यापुढील नागरिकांना आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली आहे. परंतु ही सोय इस्पितळात खाट धरल्यानंतरची. खाट धरण्याची वेळच येऊ नये म्हणून करावयाची विचारपूस ही घरच्या माणसांचीच जबाबदारी होय.

कुणी म्हणतील, हे काम डॉक्टरांचे. मात्रा ठरविणे त्यांचे खरेच. पण ‘आई, या वर्षात कधी पडलीस का? उभी राहताना तोल जातो का? पडण्याची भीती वाटते का?’ एवढे विचारावयास वैद्यकाची पदवी लागत नाही. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीनेही तोल जाऊ शकतो. ते उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचले तरच ते गोळीचा फेरविचार करतील. न्हाणीघरात धरावयास एक दांडी, वाटेवर रात्रीचा दिवा, पायांत नीट बसणारी चप्पल, यांस फारसा पैसाही लागत नाही. लागतो तो अर्ध्या तासाचा निवांतपणा आणि मातृभाषा.

परप्रांतात मराठी टिकावी म्हणून आपण मंडळे चालवितो, गणेशोत्सवात तिच्या भवितव्यावर व्याख्याने ऐकतो. पण पलीकडच्या खोलीतील आईला आलेली घेरी ज्या मराठीला विचारता येत नाही, ती व्यासपीठावर टिकली काय आणि न टिकली काय!