कचेरीत लिहिलेल्या गोष्टी

संसार मागे लागला की लेखन संपले, अशी हळहळ करणारे एक-दोन गृहस्थ प्रत्येकाच्या ओळखीत असतात. या दिवाळीत फराळाबरोबर त्यांना एका अमेरिकन कथाकाराची हकीकत ऐकवावी म्हणतो.

जॉर्ज सॉन्डर्स यांचा जन्म १९५८ सालचा, टेक्सासमधील अमारिलोचा. वाढले ते शिकागोच्या आसपास. शिकले इंजिनिअरिंग, आणि नोकरी धरली ती तेल शोधणाऱ्यांबरोबर थेट सुमात्राच्या जंगलात! तिथून परतल्यावर छपरांची कामे केली, दारवानी केली, खाटीकखान्यातही राबले. मग सिरॅक्यूज विद्यापीठात कथालेखन शिकायला गेले. तिथे पॉला भेटली आणि अवघ्या तीन आठवड्यांत लग्न ठरलेसुद्धा.

पुढे दोन मुली झाल्या. १९८९ पासून रॉचेस्टरमधील एका कंपनीत अहवाल लिहिण्याची नोकरी सुरू झाली. ती सांभाळून त्यांनी सुमारे सातशे पानांची एक गंभीर कादंबरी रचली. बाड पत्नीच्या हाती दिले. थोड्या वेळाने डोकावून पाहतात तो बाईसाहेब डोक्याला हात लावून बसलेल्या! कादंबरी बाजूला पडली.

काही दिवसांनी कचेरीतल्या एका कंटाळवाण्या बैठकीत सॉन्डर्सनी गमतीची यमके जुळवली. ती वाचून पॉला खळखळून हसली. आपण थोरामोठ्यांचा आव आणत होतो, आपला खरा स्वर हा, हे त्यांना तेव्हा उमगले. मग साहेबाची नजर चुकवून, कचेरीच्याच यंत्रावर, चोरलेल्या मिनिटांत गोष्टी लिहिणे सुरू झाले. सात वर्षांत सहा कथा आणि एक दीर्घकथा झाली. १९९६ मध्ये पुस्तक निघाले, 'सिव्हिलवॉरलँड इन बॅड डिक्लाइन'. लेखकाचे वय तेव्हा सदतीस.

त्यांच्या कथांत डबघाईला आलेली करमणूक-उद्याने असतात, भुते असतात. पण मधोमध उभा असतो नोकरी जाईल या धास्तीने वाकलेला एखादा बापमाणूस. तो आपल्याला परका वाटत नाही. 'टेन्थ ऑफ डिसेंबर' या कथेत दुखण्याला कंटाळलेला एक मनुष्य थंडीत गारठून मरण्यासाठी रानात जातो. तेवढ्यात एक पोरगा गोठलेल्या तळ्यात पडतो. मरायला निघालेला माणूस त्याला वाचवायला धावतो, आणि स्वतःही वाचतो.

१९९७ पासून सॉन्डर्स सिरॅक्यूजला शिकवू लागले. २०१७ मध्ये 'लिंकन इन द बार्डो' या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले. त्याआधी २०१३ मध्ये पदवी घेणाऱ्या मुलांपुढे बोलताना त्यांनी यशाचे मंत्र दिले नाहीत. शाळेत एका नव्या, बुजऱ्या मुलीला सगळे चिडवीत. आपण तिच्या बाजूने पुरेसे उभे राहिलो नाही, याची खंत त्यांनी सांगितली. दया दाखवण्यात झालेली कसूर आयुष्यभर सलते, हे त्या भाषणाचे सार.

तेव्हा ज्यांच्या टेबलाच्या खणात अर्धी राहिलेली गोष्ट पडून आहे, त्यांनी ती आजच बाहेर काढावी. आणि पहिल्यांदा घरात वाचून दाखवावी. घरचे हसले, तर रागावू नये. कशाला हसले ते मात्र नीट विचारून घ्यावे!