गावठाणाला क्षेत्रसभा द्या

पनवेल महापालिकेची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली आणि पुढचे मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. मधली साडेतीन वर्षे प्रशासकाचा कारभार होता. शहराला लोकप्रतिनिधी नाहीत, अशी तक्रार या काळात सगळीकडून होत होती आणि ती रास्तच होती. पण मी रोडपालीच्या गावठाणात राहतो. आम्हाला ती साडेतीन वर्षे त्याआधीच्या पाच वर्षांहून फारशी वेगळी वाटली नाहीत. आता नगरसेवक आले म्हणून आमचे प्रश्न आपोआप मांडले जातील, असेही वाटत नाही.

१ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झाली तेव्हा जुन्या नगरपालिकेला २९ महसुली गावे जोडली गेली. कळंबोली, कामोठे, खारघर यांच्याबरोबर रोडपाली, टेंभोडे, वळवली, आसुडगाव, कोयनावळे अशी लहान गावेही त्यात आली. २०११ च्या जनगणनेनुसार या हद्दीची लोकसंख्या ५ लाख ९ हजारांच्या पुढे होती. प्रभाग २०, नगरसेवक ७८. म्हणजे सरासरी पंचवीस हजार माणसांमागे एक प्रभाग आणि त्यात बहुतेक ठिकाणी चार नगरसेवक. आमच्या गावठाणाची सगळी मते एकगठ्ठा पडली तरी सेक्टरांतल्या सोसायट्यांच्या मतांपुढे ती मोजणीत जाणवत नाहीत. प्रचारफेरी गावदेवीपाशी येते, नारळ फुटतो, पॅनलचे चारही उमेदवार हात जोडतात. निकाल मात्र टॉवरांत ठरतो. यात सोसायटीवाल्यांचा काही दोष नाही. त्यांनाही पाणी हवे, रस्ते हवेत. दोष रचनेचा आहे. चौघे निवडून आले की आमच्या आळीचा नगरसेवक नेमका कोणता, हे कोणीच सांगू शकत नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या आळीतले गटार तुंबून घाण पाणी घरांच्या उंबऱ्यापर्यंत आले. मी महापालिकेच्या कार्यालयात अर्ज दिला. ही जागा आमच्याकडे अजून हस्तांतरित झालेली नाही, असे तिथे सांगितले. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या कार्यालयात गेलो, तर ती कधीच हस्तांतरित केली आहे, असे उत्तर मिळाले. दोन्ही ठिकाणी माणसे नीट बोलली, चहासुद्धा विचारला. शेवटी आळीतल्या पोरांनी कमरेएवढ्या चिखलात उतरून गटार मोकळे केले. गटारे सगळीकडेच तुंबतात, त्याचे मला एवढे दुःख नाही. हा प्रश्न चार लोकांसमोर उभे राहून विचारावा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहिले जावे, अशी एकही जागा आम्हाला नाही, हे दुःख आहे. गावकी आहे, पण गावकीच्या ठरावाला कायद्यात किंमत नाही.

माझी बहीण याच पनवेल तालुक्यात, पण महापालिकेच्या हद्दीबाहेर दिली आहे. तिचे गाव रोडपालीहून लहान. तिथे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरते. गेल्या गांधी जयंतीला ती उभी राहिली आणि नळपाणी योजनेचा खर्च विचारला. सरपंचांना कागद उघडून आकडे वाचावे लागले. पाणी लगेच आले असे नाही. तरी तिने विचारले, ग्रामसेवकाने लिहून घेतले आणि पुढच्या सभेत तोच विषय पुन्हा निघाला. शाळेत ती माझ्यामागे दोन इयत्ता होती. आज नागरिक म्हणून ती माझ्या पुढे आहे.

यावर एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड मिळाले, या पट्ट्यातले बरेचसे पुढारीही आगरी-कोळी समाजातलेच आहेत, मग दुर्लक्ष कसले? भूखंड मिळाले, हे खरे. पण ते कसे मिळाले? १९७० साली सिडको आली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या प्रकल्पग्रस्तांच्या आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर कुठे साडेबारा टक्क्यांचा निर्णय झाला. सार्वजनिक सुविधांसाठी पावणेचार टक्के कापून घेतल्यावर हातात पावणेनऊ टक्के राहिले. गावठाण वाढवून मिळाले नाही म्हणून पोरांनी बापाच्या घराला लागून खोल्या काढल्या. त्या ‘गरजेपोटी’च्या घरांचे शासननिर्णय निघत राहतात आणि घरमालक कागद हातात येण्याची वाट पाहत राहतो. कासाडी नदीच्या प्रदूषणाविरुद्ध एका नगरसेवकाला राष्ट्रीय हरित लवादापर्यंत जावे लागले. जे हक्काने मिळायला हवे, ते आम्ही रस्त्यावर उतरून किंवा कोर्टाची पायरी चढून मिळवत आलो.

पुढारी आमच्या समाजाचे आहेत, याचा आनंद आहे. लग्नाला, उत्तरकार्याला ते घरी येतात आणि आपुलकीने चौकशी करतात. पण ओळखीच्या माणसाला दारात आल्यावर केलेली विनंती वेगळी आणि मतदार म्हणून सभेत विचारलेला प्रश्न वेगळा. विनंती विसरली तर कोणाला जाब विचारता येत नाही. आणि ज्याच्या घरी पुढारी येत नाही, त्याने काय करायचे? गावठाणात भाड्याने राहणारी कारखान्यातली माणसेही आहेत. त्यांची तर विनंती करण्याइतकीही ओळख नसते.

नवा कायदा करा, अशी माझी मागणी नाही. २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद केली. ग्रामसभेप्रमाणे मतदारांनी एकत्र बसावे, कामे सुचवावीत, राहिलेल्या कामांबद्दल विचारावे, यासाठीच ती आहे. रोडपालीत अशी सभा भरलेली मी पाहिलेली नाही. नव्या सभागृहाने पहिल्या वर्षातच क्षेत्रांच्या हद्दी ठरवाव्यात आणि त्या ठरवताना गावठाण सेक्टरांत विरघळू न देता त्याचे स्वतंत्र क्षेत्र धरावे. प्रभागातल्या चारही नगरसेवकांनी आणि प्रभाग अधिकाऱ्यांनी त्या सभेला यावे. इतिवृत्त मराठीत लिहून गावदेवीच्या मंदिराबाहेर लावावे. गटार, जलवाहिनी, रस्ता यांतले काय महापालिकेकडे आणि काय अजून सिडकोकडे, याची यादी पहिल्याच सभेत वाचून दाखवावी.

सभेसाठी मंडप आणि सतरंज्यांची सोय आम्ही गावकरी करू. तारीख तेवढी महापालिकेने कळवावी.

आपला,
एक गावकरी
रोडपाली गावठाण, ता. पनवेल, जि. रायगड