नूडल्स गेल्या, पण त्यांच्या जागी आलं काय?

ट्यूना कॅसरोल हा अमेरिकेतल्या सामान्य घरांत होणारा अगदी साधा पदार्थ. डबाबंद ट्यूना, उकडलेल्या एग नूडल्स, मश्रूम सूपचा एक डबा, मूठभर मटार आणि वरून चुरलेले बटाटा चिप्स. हे सगळं पसरट भांड्यात घालून अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवलं की घरादाराचं जेवण तयार. अलीकडे याच्या लो-कार्ब अवताराची चलती आहे. त्यात नूडल्सना रजा मिळते, त्यांच्या जागी फ्लॉवर येतो आणि मग हात सैल सोडून क्रीम आणि चीज ओतलं जातं. अमेरिकेतल्या मराठी घरांत आणि आता मुंबई-पुण्यातही, घरात कुणाची साखर वाढलेली निघाली की असे पदार्थ 'पथ्याचे' म्हणून ताटात येऊ लागलेत. नूडल्स काढण्याला माझी हरकत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते शहाणपणाचंच आहे. पण पदार्थ पथ्याचा आहे की नाही, हे काय काढलं यावरून ठरवता येत नाही. त्याच्या जागी काय आलं तेही पाहावं लागतं, आणि या कसोटीवर आजचे बरेचसे क्रीमदार लो-कार्ब कॅसरोल सपशेल नापास होतात.

मुळात नूडल्स त्या भांड्यात कशासाठी होत्या, ते आधी पाहू. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेद्रो बंदरात १९०३ च्या सुमारास ट्यूना डब्यात भरायला सुरुवात झाली, तीही सार्डिन मासळीचा तुटवडा पडला म्हणून. तोवर अमेरिकेत ट्यूनाला फारसं कुणी विचारत नव्हतं. १९३४ मध्ये कॅम्पबेल कंपनीने डबाबंद क्रीम ऑफ मश्रूम सूप बाजारात आणलं. ते दिवस महामंदीचे. डब्यातली थोडी मासळी, डब्यातलं सूप आणि स्वस्तातल्या नूडल्स यांच्यावर मोठ्या कुटुंबाचं पोट भरत होतं. मिनेसोटाकडे अशा पदार्थांना 'हॉटडिश' म्हणतात, आणि तिथल्या चर्चमधल्या सामुदायिक जेवणांत हे सूप इतकं चालायचं की त्याला गमतीने 'लुथरन बाइंडर' असं नावच पडलं. थोडक्यात, नूडल्सकडे दोन कामं होती. एक, महागडी मासळी पुरवठ्याला आणायची. दुसरं, सूप आणि भाज्यांचं पाणी शोषून सगळा ऐवज एकजीव धरून ठेवायचा. नूडल्स काढल्या की ही दोन्ही कामं कुणीतरी अंगावर घ्यायला हवीत. लो-कार्ब कृती लिहिणारे ती कामं डोळे झाकून क्रीम आणि चीजकडे सोपवतात, आणि घोळ तिथेच होतो.

आता जरा हिशेब मांडू. माणशी दोनशे ग्रॅम शिजलेल्या नूडल्स धरल्या तर त्यातून सुमारे ५० ग्रॅम कर्बोदकं आणि पावणेतीनशे कॅलरी मिळतात. तेवढ्याच फ्लॉवरमधून १० ग्रॅम कर्बोदकं आणि जेमतेम ५० कॅलरी. इथवर सौदा उत्तम आहे. पण चौघांच्या भांड्यात एक कप घट्ट क्रीम आणि सव्वादोनशे ग्रॅम चेडर चीज घातलं (आणि अशा कृतींत हे प्रमाण काही जगावेगळं नाही), तर त्या दोघांच्याच मिळून सतराशेच्या वर कॅलरी होतात. माणशी सव्वाचारशे. म्हणजे नूडल्स काढून सव्वादोनशे वाचवल्या आणि मागल्या दाराने दुप्पट आत घेतल्या. सॅच्युरेटेड फॅटचं चित्र तर याहून वाईट आहे. तेवढ्या क्रीम-चीजमधून प्रत्येकाच्या वाट्याला चोवीस-पंचवीस ग्रॅम येतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या शिफारशीप्रमाणे २००० कॅलरींच्या आहारात दिवसभराची मर्यादा आहे सुमारे १३ ग्रॅम. एका जेवणात दोन दिवसांचा कोटा संपला, आणि तरी त्याला पथ्याचं जेवण म्हणायचं! आपल्याकडे मधुमेह आणि हृदयविकार बहुधा हातात हात घालूनच येतात, हे लक्षात घेतलं तर ही काही क्षुल्लक बाब राहत नाही. त्यात 'लो-कार्ब' या बिरुदाला कायद्याचाही आधार नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'लो फॅट' म्हणजे नेमकं किती हे ठरवून दिलंय, 'लो-कार्ब'ची अशी व्याख्या मात्र केलेली नाही. त्यामुळे ज्याला वाटेल त्याने हे बिरुद मिरवावं.

यावर कीटोवाले म्हणतील की चरबीची ही भीती जुनी झाली; स्निग्धांनी पोट भरल्यासारखं वाटतं, साखर चढत नाही, माणूस आपोआप कमी खातो. यातला साखरेचा मुद्दा खरा आहे आणि तो मान्य करायलाच हवा. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या २०१९ च्या अहवालानेच म्हटलंय की रक्तातली साखर आटोक्यात आणण्यासाठी कर्बोदकं कमी करण्याच्या बाजूने सर्वाधिक पुरावा आहे. पण कर्बोदकं कमी करणं म्हणजे क्रीम वाढवणं, असं तो अहवाल म्हणत नाही. स्टॅनफर्डचे ख्रिस्तोफर गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना कमी कर्बोदकांचा आहार, निम्म्यांना कमी चरबीचा. वर्षाअखेर पहिल्या गटाचं वजन सरासरी ६ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ५.३ किलोने, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक काही टिकला नाही. मला या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांना एकच ताकीद होती: भाज्या भरपूर खा, साखर-मैदा टाळा, कारखान्यातलं तयार अन्न शक्यतो नको. गटांची नावं परस्परविरोधी असली तरी ताटात बदल म्हणून जे आलं ते बरंचसं सारखंच होतं. आता कुणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली कडक कीटो करत असेल तर त्याचा हिशेब वेगळा. आणि जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी कर्बोदकं एकदम तोडण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं, कारण डोस तोच राहिला तर साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

मग क्रीमशिवाय हा पदार्थ मलईदार कसा व्हायचा? खरं तर अडचण मलईची नाहीच, पाण्याची आहे. फ्लॉवरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, मश्रूममध्येही तितकंच. ते कच्चे किंवा नुसते उकडून भांड्यात घातले की ओव्हनमध्ये पाणी सोडतात, सॉस पातळ होतो, आणि मग घाबरून वरून आणखी चीज पडतं. तेव्हा हे पाणी आधीच घालवायचं. आठशे ग्रॅम फ्लॉवरचे लहान तुरे चमचाभर तेलात घोळवून २२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत भाजावेत. ट्रेमध्ये गर्दी केली तर ते भाजण्याऐवजी वाफवले जातात. मश्रूम पसरट कढईत मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता परतावेत. आधी ते पाण्यात पोहतील, मग पाणी आटेल, आणि तळाला चिकटायला लागले की झाले असं समजावं. मीठ त्यानंतर. त्याच कढईत कांदा, सेलरी किंवा ढोबळी मिरची. सॉससाठी चमचाभर लोणी, एक मोठा चमचा मैदा, दीड कप दूध. मैद्याचं नाव काढताच लो-कार्बवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, पण चमचाभर मैद्यातली कर्बोदकं चौघांत वाटली तर माणशी तीन ग्रॅमही होत नाहीत. तेवढ्यात दूध दाटतं आणि क्रीमची गरजच उरत नाही. गॅस बंद करून त्यात अर्धी वाटी चक्का आणि दोन चमचे मोहरीची पेस्ट घालावी. मैद्याचा दुसरा उपयोग इथे दिसतो. चक्का गरम दुधात नुसता घातला तर फुटेल. कढी फुटू नये म्हणून आपण ताकाला बेसन लावतो, तेच काम इथे मैदा करतो. चीज ६० ग्रॅम पुरे, आणि ते पोटात न मिसळता वर किसून घालावं, म्हणजे कमी असूनही पहिल्या घासाला लागतं. मासळीचे तीन डबे, पाणी पूर्ण निथळून आणि शेवटी हलक्या हाताने मिसळून. ती डब्यातच शिजलेली असते, तिला जास्त भाजणं म्हणजे तिचा कोंडा करणं. १९० अंशांवर वीस मिनिटांत काम होतं. मीठ चाखूनच घालावं, कारण चीज आणि ट्यूना दोन्ही मुळातच खारट असतात. असं केलं तर माणशी कर्बोदकं पंचवीस ग्रॅमच्या आत राहतात, सॅच्युरेटेड फॅट सात-आठ ग्रॅमच्या आसपास, आणि एकट्या मासळीतून वीस ग्रॅम प्रथिनं मिळतात.

मासळीचे तीन डबे म्हटल्यावर खर्चाचा आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे. नूडल्स गरिबाच्या होत्या, त्यांची जागा मासळीने घेतली तर पदार्थ महागतो, यात वाद नाही. पण क्रीम आणि चीजही फुकट मिळत नाही. त्यावरचा खर्च मासळीकडे वळवावा, एवढाच माझा आग्रह. आपल्या देशाचा विचार केला तर हा आग्रह आणखी पटतो. भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेल्याचं आयसीएमआर-इंडियाबच्या पाहणीने २०२३ मध्ये सांगितलं, आणि त्याच पाहणीच्या पुढच्या निष्कर्षांत दिसलं की भारतीयांच्या सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात, तर प्रथिनं फारच कमी. त्यातल्या थोड्या कर्बोदकांच्या जागी प्रथिनं आणली तर मधुमेहाचा धोका घटताना दिसतो. तेव्हा आपल्या ताटात उणीव आहे ती प्रथिनांची, साय-लोण्याची नव्हे. आणि मासळी डब्यातलीच हवी असंही नाही. कोकण किनाऱ्यावर कुपा किंवा गेदर म्हणून मिळणारी मासळी ट्यूनाच्याच कुळातली. सुरमई-पापलेटपुढे तिला मान नाही, म्हणून भावही उतरलेला असतो. मधली काळपट पट्टी काढून, मिठाच्या पाण्यात उकडून, सुटी करून घेतली की डब्याच्या तोडीस तोड. अट एकच: ती बर्फात नीट राखलेली हवी. उन्हात पडून राहिलेल्या कुप्यात हिस्टामिन तयार होतं, अंगावर गांधी उठतात, आणि ते शिजवूनही जात नाही. डबा घ्यायचा तर पाऱ्याकडे लक्ष द्यावं. अल्बाकोर जातीच्या पांढऱ्या ट्यूनात लहान आकाराच्या स्किपजॅकच्या सुमारे तिप्पट पारा असतो. म्हणूनच अमेरिकी सरकारी सल्ल्यात गरोदर बायका आणि मुलांसाठी 'लाइट' ट्यूना पहिल्या पसंतीत आहे, अल्बाकोर नाही.

'इतका खटाटोप कशाला, आपलं भरीत-भाकरीच बरं' असंही कुणी म्हणेल. भरिताबद्दल दुमत असायचं कारण नाही, पण भाकरी तीन झाल्या की कर्बोदकांचा हिशेब पुन्हा नूडल्सपाशीच येतो. शिवाय अमेरिकेतल्या एडिसनला वाढलेल्या मराठी मुलांना कॅसरोल परका नाही, तो त्यांच्या शाळेतल्या मित्रांच्या घरचा पदार्थ आहे. वडिलांची साखर वाढली म्हणून घरात दोन वेगळे स्वयंपाक करण्यापेक्षा एकच भांडं सगळ्यांना चालणं सोयीचं. ज्यांना साखरेचं पथ्य नाही आणि भूक वाढती आहे, त्यांनी सोबत पोळी किंवा पावाचा तुकडा घ्यावा. भांड्यात आधीच चीज ओतून ठेवलं असेल, तर मात्र ज्याचं त्याला कमी-जास्त करून घेण्याची ही सोय कुणालाच उरत नाही.