पाचला उठायचे, पण कोणत्या पाळीत?

यशस्वी माणसे पहाटे पाचला उठतात, असे सांगणाऱ्या पुस्तकांचा आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंचा सध्या सुकाळ आहे. राजगुरुनगरहून चाकणच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या तरुणाने हा सल्ला मनावर घ्यायचा म्हटले, तर आधी त्याला आपली पाळी पाहावी लागेल. पहिली पाळी असेल तर पाचला तो तसाही आंघोळ उरकून कंपनीच्या बससाठी पुणे-नाशिक महामार्गाकडे निघालेला असतो. दुसऱ्या पाळीत रात्री उशिरा सुटायचे, चाकणच्या तळेगाव चौकातून वाट काढायची, घरी पोचून जेवायचे. पाठ टेकेपर्यंत मध्यरात्र उलटून जाते. आणि तिसऱ्या पाळीत पहाटे पाचला तो मशीनपुढे उभाच असतो. पाचला जागे असण्याने भाग्य उघडत असते, तर रात्रपाळीचा प्रत्येक ऑपरेटर एव्हाना मालक झाला असता.

थट्टा राहू द्या. पण यशाच्या सवयींबद्दल जे काही बोलले जाते, त्यात आपला दिवस आपल्याच हातात असलेला माणूस गृहीत धरलेला असतो. राजगुरुनगर-चाकणच्या या खेड तालुक्यात असा माणूस शोधावा लागेल. शेतकऱ्याचा दिवस कांद्याचा बाजार आणि शेतीपंपाची वीज ठरवते, कामगाराचा पाळी ठरवते, नोकरी करणाऱ्या बाईचा दिवस नळाचे पाणी, मुलांची शाळा आणि रिक्षा यांच्यात वाटला गेलेला असतो. अशांना ‘तुमच्यात जिद्दच नाही’ असे सुनावणे फार सोपे. माझे म्हणणे असे की, टिकणारी सवय एकट्याच्या मनोबलावर फार काळ तगत नाही. ती तगते जागेच्या, वस्तूंच्या आणि आजूबाजूच्या चार माणसांच्या आधारावर. ज्याला पुढे जायचे आहे त्याने मनाला चाबूक मारण्याआधी हा आधार तपासावा.

याला पुरावा आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक नवी, साधी गोष्ट करायला सांगितली. कुणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचे ठरवले, कुणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे पळायचे. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोष्ट अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागल्याचे दिसले. पण माणसामाणसांतला फरक १८ दिवसांपासून थेट २५४ दिवसांपर्यंत होता. २१ दिवसांत आयुष्य पालटण्याची हमी देणाऱ्यांना हा आकडा परवडणारा नाही. (त्यांचे ते २१ दिवस मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून फिरत आले आहेत. रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस जातात, असे त्याचे निरीक्षण होते. नाकाचा हिशेब नशिबाला लावला गेला.) लॅली यांच्या अभ्यासातली दोन निरीक्षणे आपल्या कामाची आहेत. मधला एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडत नाही, हे एक. दुसरे म्हणजे, नवी सवय प्रत्येकाने रोज घडणाऱ्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधली होती. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्याचा नेमका हाच खुंटा दर सोमवारी उपटला जातो. त्याने सवय घड्याळाला बांधली की ती सुटणारच. तीच डबा उघडण्याला, बसमध्ये खिडकीशी बसण्याला किंवा पगार खात्यात पडण्याला बांधली, तर पाळी कोणतीही असो, खुंटा जागेवर राहतो.

गंमत अशी की, चाकणच्या कारखान्यांना हे शास्त्र चांगले ठाऊक आहे. ते त्यांनी मनोबलाच्या भाषेत कधी मांडले नाही, एवढेच. व्यवस्थित चालणाऱ्या कोणत्याही शॉप फ्लोअरवर भिंतीला हत्यारांचा बोर्ड असतो. प्रत्येक पान्यामागे त्याच्याच आकाराची रंगवलेली आकृती. बारा-तेराचा पाना परत आला नाही, की भिंतीवर बारा-तेराच्या पान्याची रिकामी सावली दिसते. सुपरवायझरने ओरडायची गरज उरत नाही. घरी टॉवेल पलंगावर फेकणारा मुलगा इथे पाना जागेवर लावतो, तो काही फाटकातून आत येताना शहाणा होत नाही. विसरणे इथे लगेच नजरेत भरते, म्हणून तो लावतो. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९६१मध्ये यामादा इलेक्ट्रिकमध्ये याच जातीचा एक उपाय केला. एका छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार अधूनमधून एखादी विसरत. शिंगोंनी ताकीद दिली नाही. स्विच हातात घेण्याआधी दोन स्प्रिंगा एका बशीत काढून ठेवायच्या, एवढेच सांगितले. काम संपल्यावर बशीत स्प्रिंग उरली, म्हणजे चूक झाली. या पद्धतीला आधी ‘मूर्खालाही चुकता येणार नाही’ अशा अर्थाचे नाव होते. ते एका कामगार बाईच्या मनाला लागले, तेव्हा शिंगोंनी बदलून ‘पोका-योके’, म्हणजे चूक टाळणारी पद्धत, असे केले. विसरणारा मूर्ख नसतो, हे कारखान्याने मान्य केले. आपल्या यशाच्या वाङ्मयाने अजून केलेले नाही.

आपल्याकडे तर ही समज कारखाना येण्याच्या कितीतरी आधीची आहे. आळंदी याच तालुक्यात. गळ्यात तुळशीची माळ घालणारा दारू आणि मांसमच्छी सोडतो, आणि पुष्कळदा जन्मभर पाळतो. मनातल्या मनात शपथ घेऊन हे जमले असते तर माळ कशाला लागती? माळ सगळ्यांना दिसते. ती घातलेल्या माणसापुढे लग्नाच्या मांडवात कुणी ग्लास सरकवत नाही, आणि त्याने स्वतःहून उचलला तर सारे गाव बोट दाखवते. त्याच्या निश्चयाची राखण गाव करते. एरवी बाजारापर्यंतही रिक्षा करणारी आजी आषाढीला पंढरपूरपर्यंत पायी जाते. दिंडीत तिची जागा ठरलेली असते, मुक्काम ठरलेला असतो, आणि ती मागे पडली तर विचारणारे कुणीतरी असते. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माऊलींच्या पालखी सोहळ्याला शिस्तीचे जे रूप दिले, त्यात भक्ती होतीच, पण सामान्य माणसाच्या पायांची काळजीही होती.

भिशीचेही तसेच. दहा जण महिन्याला दोन-दोन हजार काढतात आणि चिठ्ठी निघेल त्याला वीस हजार मिळतात. निव्वळ हिशेब मांडला तर हा आतबट्ट्याचा व्यवहार: व्याज शून्य, आणि शेवटी नंबर लागणाऱ्याचे पैसे महागाईने झिजलेले. तरीही बँकेत खाते असलेली, हिशेबाला पक्की माणसे भिशी लावतात. केनियातल्या अशाच भिशी मंडळांचा अभ्यास मेरी के गुगर्टी यांनी केला. २००७च्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच निष्कर्ष होता: एकट्याने बचत होत नाही. फिलिपिन्समध्ये एका बँकेने काही ग्राहकांना, स्वतः ठरवलेली रक्कम किंवा तारीख येईपर्यंत पैसे काढता येणार नाहीत, असे खाते देऊ केले. जादा व्याज एक पैसाही नव्हते. असे खाते देऊ केलेल्यांची बचत वर्षभरात इतरांच्या तुलनेत सरासरी ८१ टक्क्यांनी वाढली. आपल्या हाताला आपणच कुलूप लावून किल्ली दुसऱ्याकडे देणे हा दुबळेपणा वाटेल, पण पैसे उरतात ते त्यानेच. अभ्यासिकेत महिन्याची फी भरून लाकडी खुर्ची घेणारा स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी वेगळे काय करतो? खुर्ची घरीही असते. घरी शेजारी मान खाली घालून वाचणारे वीस जण नसतात.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे: कंत्राटी कामगाराला सवयी शिकवण्यापेक्षा कायम करा आणि पगार वाढवा. हा आक्षेप मला बहुतांशी मान्य आहे. वॉल्टर मिशेल यांचा तो प्रसिद्ध प्रयोग आठवा: समोरचा गोड पदार्थ आत्ता न खाता थांबणारी मुले पुढे शिक्षणात सरस ठरली, म्हणून संयमाचे गोडवे गायले गेले. २०१८मध्ये टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी कितीतरी जास्त मुलांची माहिती घेऊन हे पुन्हा तपासले, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरताच संयमाचा तो चमत्कार बराचसा विरला. ज्या घरात उद्याची खात्री नाही, तिथे आजचा लाडू आज खाणे हाच शहाणपणा असतो. २०१३मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला तामिळनाडूच्या ऊस उत्पादकांचा अभ्यास तर आणखी पुढे जातो. तोच शेतकरी उसाचे पैसे हाती येण्याआधी बुद्धीच्या चाचणीत कमी पडला आणि पैसे आल्यावर सुधारला. ओढग्रस्तीत विचार करायला लागणारी जागाच डोक्यात उरत नाही. म्हणजे पगार आणि सवय ही एकमेकांची पर्यायी औषधे नाहीत. उलट, ज्याचे डोके चिंतेने भरले आहे त्यालाच मनोबलावर न विसंबणारी व्यवस्था जास्त लागते. पगार वाढायला हवाच. तो वाढेपर्यंत भिशी मोडू नये.

पण मग नुसता पैसा आला की काम भागते का? याचे उत्तर या पट्ट्याइतके कुणाला ठाऊक नसेल. जमिनी गेल्या, कोटीत मोबदला आला, आणि मराठीला ‘गुंठामंत्री’ हा शब्द मिळाला. त्यात हेटाळणी आहे, आणि ती मला खटकते; पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती वर्षातून एक-दोनदाच पैसा आला, त्यांच्यावर एका सहीत आयुष्याची कमाई ओतायची आणि मग हसायचे, हे बरे नव्हे. अमेरिकेतल्या फ्लोरिडात लॉटरी लागलेल्यांचा २०११चा अभ्यास पाहा. मोठी रक्कम मिळालेले लोक पहिली दोन वर्षे दिवाळखोरीपासून लांब राहिले, आणि तिसऱ्या ते पाचव्या वर्षात त्यांनी कसर भरून काढली. ते काही खेड-चाकणचे नव्हते. या उलट हडपसरच्या मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन विकण्याऐवजी एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. ती कुटुंबे जात्याच जास्त काटकसरी होती असे मानायला आधार नाही. एकाच्या मनात आले म्हणून सगळे विकून मोकळे होता येणार नाही, अशी बांधणी मात्र त्यांनी करून घेतली होती. पुण्याला खेटून असल्याचा फायदा त्यांना झाला हे खरेच. आणि एकत्र येणे कागदावर पुरत नाही, हेही याच तालुक्याने पाहिले आहे. खेड सेझसाठी जमीन दिलेल्या शेतकऱ्यांना १५ टक्के जमीन परत देण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे आंदोलनांत रुतून राहिला. भिशी चालते ती दहाही जण एकमेकांना तोंडाने ओळखतात म्हणून.

दुसरा आक्षेप: चार माणसे वर काढतात तशी खालीही ओढतात. अगदी बरोबर. वाढदिवसाचा फ्लेक्स, हप्त्यावरची बुलेट, धाब्यावरची पार्टी याही सवयीच, आणि त्यांनाही मित्रमंडळाचाच आधार असतो. म्हणूनच मी आधार तपासा म्हणतो, माणसे जमवा असे म्हणत नाही. संगत निवडायला मात्र खरोखरच मनोबल लागते. असलेले सगळे मनोबल पाचच्या गजरावर उधळण्यापेक्षा या एका निवडीवर खर्च करावे. कुणी म्हणेल, हुतात्म्याच्या गावात बसून जिद्दीला कमी लेखता? शिवराम हरी राजगुरू २३ मार्च १९३१ला फासावर गेले तेव्हा त्यांचे वय २२ होते. त्यांच्या धैर्याची मापे आपल्या पगारवाढीला लावणेच मुळात चूक. पण काशीला संस्कृत शिकायला गेलेल्या त्या तरुणालाही क्रांतिकारकांची संघटना गाठावीशी वाटली, एवढे लक्षात असू द्यावे.

जबाबदारी सगळी कामगारावर टाकून कारखान्यांनी मोकळे व्हावे, असे मात्र नाही. पान्याची सावली भिंतीवर रंगवणाऱ्या व्यवस्थापनाला माणसाच्या आठवड्याची आखणीही जमायला हवी. कामाच्या वेळांची सूचना आधी, सगळ्यांना दिसेल अशी लावण्याची तरतूद १९४८च्या कारखाने कायद्यातच होती. ती पाटी फाटकाजवळ लावली, पण ट्रेनी आणि कंत्राटी पोरांना उद्याची पाळी आदल्या रात्री मोबाईलवर कळली, तर त्यांनी आयटीआयनंतरचा डिप्लोमा, पोलीस भरतीची १६०० मीटरची धाव किंवा संध्याकाळचा सीएनसी प्रोग्रॅमिंगचा क्लास कशाला बांधायचा? चार आठवड्यांच्या पाळ्या महिन्याच्या एक तारखेला एकदम जाहीर केल्या, तर कंपनीला एक कागद जास्त छापावा लागेल.