विश्लेषण : टोर्नेडोपासून वाचवणारी ‘सेफ रूम’ कशी असते? अमेरिकेत ती प्रत्येक घरात का नाही?

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यात एंडरलिन गावाजवळ 20 जून 2025 रोजी आलेल्या टोर्नेडोने तिघांचा बळी घेतला. मालगाडीचे डबे किती दूर फेकले गेले याचा अभ्यास केल्यानंतर तेथील राष्ट्रीय हवामान सेवेने ऑक्टोबरमध्ये या वादळाची नोंद ‘ईएफ-5’ या सर्वोच्च श्रेणीत केली. 2013 नंतरचा हा पहिलाच ईएफ-5 टोर्नेडो. त्यामुळे घरातल्या वादळी निवाऱ्याचा, म्हणजेच ‘सेफ रूम’चा प्रश्न पुन्हा चर्चेत आला आहे.

साधे घर का टिकत नाही?

टोर्नेडो हे आपल्या किनारपट्टीवर येणाऱ्या चक्रीवादळासारखे नसते. ‘निसर्ग’ चक्रीवादळाची चाहूल काही दिवस आधी लागली होती आणि किनाऱ्यावरील लोकांना हलवता आले होते. टोर्नेडोचा इशारा मिळतो तो सरासरी दहा-पंधरा मिनिटे आधी, कधी तर मिळतही नाही. त्याचा पट्टा अरुंद असतो, पण त्या पट्ट्यात वाऱ्याचा वेग प्रचंड असतो. एंडरलिनमध्ये तो ताशी 210 मैलांहून (सुमारे 340 किमी) अधिक असल्याचा अंदाज आहे. अमेरिकेतील बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची. एवढ्या वाऱ्यात आधी छप्पर जाते, मग भिंती कोसळतात. उडत येणारे वासे, पत्रे आणि विटा बंदुकीच्या गोळीसारख्या घुसतात. बहुतांश बळी जातात ते या उडणाऱ्या वस्तूंमुळे आणि कोसळणाऱ्या बांधकामामुळे.

‘सेफ रूम’ म्हणजे नेमके काय?

घर उडून गेले तरी जागेवर राहील अशी छोटी, भक्कम खोली. अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेने (फेमा) तिचे आराखडे 1998 पासून लोकांसाठी खुले केले आहेत. ‘आयसीसी-500’ हे त्यासाठीचे बांधकाम मानक. सर्वाधिक धोक्याच्या भागात खोलीने ताशी 250 मैल (सुमारे 400 किमी) वाऱ्याचा मारा सोसावा, अशी अट आहे. चाचणीत सुमारे 7 किलो वजनाचा लाकडी वासा तोफेसारख्या यंत्रातून ताशी 100 मैल वेगाने भिंतीवर आणि दारावर मारला जातो. तो आरपार गेला तर खोली नापास. टोर्नेडो काही मिनिटांत निघून जातो, म्हणून निवाऱ्यात दोन तास बसता यावे एवढीच अपेक्षा असते. त्यामुळे घरगुती निवाऱ्यात माणशी किमान 3 चौरस फूट जागा पुरेशी मानली जाते.

जमिनीखाली की जमिनीवर?

जमिनीखालचा निवाराच खरा सुरक्षित, ही समजूत जुनी आहे. प्रत्यक्षात चाचणीत उतरलेली जमिनीवरची पोलादी किंवा सळईयुक्त काँक्रीटची खोलीही तितकेच संरक्षण देते. निवड ठरते ती घर, जमीन आणि माणसे पाहून.

ओक्लाहोमामध्ये गॅरेजच्या फरशीखाली बसवलेली पोलादी पेटी लोकप्रिय आहे. घरातून बाहेर न पडता तिथे पोहोचता येते. पण गाडी त्या झाकणावर उभी राहत असेल तर ऐनवेळी काय, याचा विचार आधी करावा लागतो. अंगणातल्या तळघरापर्यंत गारा आणि वाऱ्यातून धावावे लागते. भूजल वर असेल तर पेटीत पाणी शिरते, नीट न बसवलेली पेटी वरही उचलली जाते. पूररेषेत तर खड्डा नकोच. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमा सिटी परिसरात टोर्नेडोपासून वाचण्यासाठी पावसाळी नाल्यांत शिरलेले काही जण पुराच्या पाण्यात बुडाले. घरात वृद्ध किंवा व्हीलचेअर वापरणारे असतील तर जिना नसलेली, जमिनीवरची खोलीच सोयीची.

खरेदी करताना फसगत कुठे होते?

‘फेमाप्रमाणित’ या जाहिरातीत. फेमा कोणत्याही कंपनीच्या निवाऱ्याला प्रमाणपत्र देत नाही, फक्त निकष सांगते. त्यामुळे विचारायचे ते चाचणीचा अहवाल आणि अभियंत्याच्या सहीचा आराखडा.

दुसरी कच्ची बाजू दाराची. भिंत कितीही जाड असली तरी साधे दार पहिल्याच फटक्यात उघडते. दार, चौकट, बिजागऱ्या आणि तीन ठिकाणी बसणारी कडी यांची एकत्रित चाचणी झालेली असावी लागते. तिसरी बाजू पायाची. पोलादी खोली बोल्टने जमिनीला जखडतात, पण खालचा स्लॅब पातळ किंवा बिनसळईचा असेल तर वारा खोलीसकट स्लॅबचा तुकडाही उचलू शकतो. याशिवाय हवा खेळती राहण्याची सोय हवी. बाहेर ढिगारा पडून दार अडकू शकते, म्हणून मूर आणि ओक्लाहोमा सिटीत निवाऱ्याची नोंद पालिकेकडे करता येते. बचाव पथकाला कुठे शोधायचे हे त्यावरून कळते.

मग सक्ती का नाही?

खर्च काही हजार डॉलर, आणि एखादे विशिष्ट घर टोर्नेडोच्या वाटेत येण्याची शक्यता कमी. त्यामुळे घरांसाठी सक्ती करण्याऐवजी अनुदानाचा मार्ग निवडला गेला. ओक्लाहोमाच्या ‘सूनरसेफ’ योजनेत खर्चाच्या 75 टक्क्यांपर्यंत, ठरावीक कमाल मर्यादेत पैसे परत मिळतात. पण लाभार्थी सोडतीने ठरतात आणि निवडीआधी निवारा बांधला तर पैसे मिळत नाहीत. शिवाय आधी सगळा खर्च स्वतः करायचा.

शाळांबाबत धोरण बदलले ते मोठी किंमत मोजल्यावर. 20 मे 2013 रोजी मूर शहरात 24 जण दगावले. त्यांतली सात मुले निवारा नसलेल्या एकाच शाळेतील होती. सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यातील नव्या शाळांना निवारा असावा, अशी अट 2015 च्या आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेत आली. मूरने 2014 मध्ये घरांसाठीचे नियमही कडक केले, पण ते घर मजबूत करण्याचे, सेफ रूमचे नव्हेत.

सर्वाधिक धोका कुणाला?

ज्यांना सेफ रूम बांधताच येत नाही त्यांना. घरात असताना टोर्नेडोने मृत्यू पावलेल्यांत निम्म्याच्या आसपास ‘मोबाइल होम’मधले असतात. ही स्वस्त घरे पायाला पक्की जखडलेली नसतात आणि खालची जमीन अनेकदा भाड्याची असते. तिथे सामूहिक निवारा हाच उपाय. मिनेसोटाने 1988 नंतरच्या, दहा किंवा अधिक घरांच्या अशा वसाहतींना तो बंधनकारक केला आहे.

भाडेकरूंचीही अडचण तीच. डॅलस परिसरातील अनेक मराठी कुटुंबे अपार्टमेंटमध्ये राहतात. एप्रिल ते जून हा तिथला टोर्नेडोचा मुख्य हंगाम आणि भारतातून आई-वडील भेटीला जाण्याचाही. सेफ रूम नसेल तर सर्वात खालच्या मजल्यावरची, खिडकी नसलेली आतली खोली आधीच ठरवून ठेवावी. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, हाताशी शिट्टी आणि टॉर्च असावी. फोनवरचा इशारा इंग्रजीत येतो. तो वाजला की कुठे जायचे, हे घरातल्या ज्येष्ठांना पहिल्याच दिवशी दाखवून ठेवलेले बरे.