गेमच्या आवाजाला कोल्हापूरची तालीम

व्हिडिओ गेममध्ये तलवार म्यानाबाहेर आली की धातू घासल्याचा कडक, धारदार आवाज येतोच. चामड्याच्या म्यानातून खरं पातं निघताना मात्र तसं काही ऐकू येत नाही. तो आवाज सिनेमावाल्यांनी रुळवला, गेमवाल्यांनी उचलला. कोल्हापुरात मर्दानी खेळांच्या सरावाला जाऊन दांडपट्टा ऐकला, की वेगळंच काही कानावर पडतं : लवलवत्या पात्याची सणसण, वळण घेताना तिचा बदलणारा सूर, कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या पोलादी मुठीची खडखड. आवाजांच्या तयार संग्रहांत युरोपातल्या तलवारी ढीगभर सापडतील; पट्टा शोधत बसावा लागेल.

गेमसाठी ध्वनी घडवायला शिकायचं म्हणजे सॉफ्टवेअरचा क्लास लावायचा, ही समजूत म्हणूनच तपासून पाहायला हवी. सॉफ्टवेअरची अडचण आता फारशी उरलेली नाही. ऑडॅसिटी फुकट मिळतं. आवाज गेमच्या इंजिनाला जोडणारी एफमॉड आणि वाइज ही साधनं शिकणाऱ्यांना आणि छोट्या प्रकल्पांना मोफत वापरता येतात. अडचण आहे ती कानाची आणि विचाराची.

सिनेमात पाऊल कधी पडणार हे ठरलेलं असतं. गेममध्ये ते खेळणाऱ्याच्या बोटावर असतं. तो दहा मिनिटं नुसता चालत राहिला आणि दर पावलाला तीच फीत वाजली, तर कान लगेच किटतो. म्हणून एकाच पावलाचे पाच-सहा नमुने ध्वनिमुद्रित करायचे, ते उलटसुलट क्रमाने वाजतील असं बघायचं, पट्टी आणि जोर दर वेळी किंचित हलवायचा. शिवाय जमीन बदलली की आवाज बदलला पाहिजे. असे नियम बसवणं हाच या कामाचा गाभा. 1978 च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या गेमच्या पार्श्वसंगीतात चारच स्वर होते; शत्रू जसजसे कमी होत तसा त्यांचा ठेका वाढत जाई. तेवढ्यावर खेळणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा.

आवाजाचा असा विचार कोल्हापूरला परका नाही. ‘प्रभात’ फिल्म कंपनीची स्थापना 1929 मध्ये इथेच झाली, 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट इथेच तयार झाला. पुढे कंपनी पुण्याला गेली. तिथे 1937 च्या ‘कुंकू’त व्ही. शांतारामांनी पार्श्वसंगीताला फाटा देऊन प्रसंगातल्या नैसर्गिक आवाजांवर भिस्त ठेवली. प्रभातच्या त्याच जागेत आज एफटीआयआय ध्वनीचं शिक्षण देते.

गेमच्या बाबतीतही पुण्याने पाऊल टाकलं आहे. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ 2020 मध्ये आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं. त्यात गैर काही नाही. पण पुढचा असा गेम येईल तेव्हा आपल्याकडचे आवाज टिपणारी, त्यांना नियम लावणारी पोरं तयार असावीत, एवढी अपेक्षा रास्त आहे.

‘नोकरी कुठे आहे?’ हा पालकांचा प्रश्न खरा आहे. कोल्हापुरात दारोदारी गेम स्टुडिओ नाहीत. पण हे काम फाइल पाठवून होतं, आणि काम मागताना पदविकेपेक्षा खेळता येणारा नमुना जास्त उपयोगी पडतो. तो नमुना घडवायला लागणारा कच्चा माल गावात पडून आहे : गुऱ्हाळावर काहिलीत रटरटणारा रस, हुपरीच्या चांदीच्या पैंजणांची रुणझुण, करकरणारी चप्पल, हलगीचा कडकडाट.

शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, संगणकशास्त्रही आहे. मोरेवाडीला चित्रनगरी आहे. या तिघांनी मिळून एका सत्राचा छोटा अभ्यासक्रम काढावा. पहिले काही आठवडे संगणकाला हात न लावता फक्त रेकॉर्डर घेऊन फिरावं. मग संगीताचा एक आणि संगणकाचा एक अशा जोड्यांनी एकेक लहानसा गेम आवाजासह पुरा करावा. लेखी परीक्षा नकोच. परीक्षकाने कंट्रोलर हातात घ्यावा, पडदा झाकून ठेवावा आणि गेममधल्या पैलवानाला तालमीच्या ताक-तेल मुरलेल्या तांबड्या मातीवरून बाहेरच्या फरशीवर चालवत न्यावं. माती कुठे संपली हे त्याला अचूक सांगता आलं, की गुण द्यावेत.