जंत, जंतू आणि शाळेतली गोळी

‘जंत’ आणि ‘जंतू’ या दोन शब्दांत फरक फक्त एका उकाराचा आहे. ‘पोटात जंत झाले’ आणि ‘पाण्यात जंतू आहेत’ ही दोन्ही वाक्ये आपण रोज ऐकतो. दोन्हींचा अर्थ मात्र घरोघर एकच समजला जातो: काहीतरी घाणेरडे पोटात गेले, आता औषध घ्या म्हणजे झाले! माझे म्हणणे असे की, या उकाराच्या मागचे विज्ञान समजल्याशिवाय शाळेत मिळणाऱ्या गोळीचा पुरता उपयोग होणार नाही.

आपल्या देशात २०१५ सालापासून १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळला जातो. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळेत किंवा अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी चावून खायला देतात. जेथे जंतांचे प्रमाण जास्त, तेथे ती वर्षातून दोनदा देतात. गोळी गुणकारी आहे. ती कोणीही चुकवू नये. पण तीच गोळी पुन्हा पुन्हा का घ्यावी लागते, हा प्रश्न वर्गात कोणी विचारतो का? आणि विचारला तर त्याचे उत्तर मिळते का?

दोन वेगळे हिशेब

उत्तर शोधण्यासाठी आधी थोडे गणित करू या. जीवाणू, म्हणजे बोलीतले जंतू, एकाचे दोन, दोनाचे चार असे वाढतात. अनुकूल परिस्थितीत आतड्यातला ‘ई. कोलाय’ हा जीवाणू सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. १० तासांत तीस वेळा दुप्पट झाली की एका जीवाणूचे १०० कोटींहून अधिक जीवाणू होतात! अर्थात अन्न अपुरे पडते आणि शरीरही प्रतिकार करते, म्हणून हा हिशेब कागदावरच राहतो. पण दूषित पाण्याचा एक घोट माणसाला का आडवा करू शकतो, हे त्यावरून कळते.

जंताचा हिशेब अगदी निराळा आहे. गोल जंताची मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. पण त्यांतले एकही अंडे त्याच पोटात वाढून जंत होत नाही. ते विष्ठेबरोबर बाहेर पडले पाहिजे आणि ओलसर मातीत दोन-तीन आठवडे राहिले पाहिजे. मगच ते रोग देण्याजोगे होते. नंतर ते हाताबरोबर, न धुतलेल्या भाजीबरोबर किंवा पाण्याबरोबर पुन्हा तोंडात जाते. म्हणजेच एखाद्याच्या पोटात दहा जंत असतील तर निदान दहा अंडी बाहेरून आत गेलेली असतात. जंत पोटात असले, तरी त्यांचा कारखाना अंगणात आहे!

अंकुशकृमीची वाट याहून चमत्कारिक आहे. त्याची अंडी मातीत फुटतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. तेथून रक्तातून फुप्फुसात, फुप्फुसातून घशात आणि गिळल्यावर आतड्यात असा त्यांचा प्रवास होतो. हा शोध अपघाताने लागला. १८९८ साली ईजिप्तमध्ये आर्थर लूस या शास्त्रज्ञाच्या हातावर अळ्या असलेल्या पाण्याचे थेंब सांडले. त्या जागी आग झाली, आणि काही आठवड्यांनी त्याच्या स्वतःच्याच विष्ठेत अंकुशकृमीची अंडी सापडली. हा कृमी आतड्याला चिकटून रक्त पितो. एका कृमीने प्यालेले रक्त थेंबभरच असते. पण शेकडो कृमी वर्षानुवर्षे रक्त पीत राहिले, तर मूल फिकुटते, दमते आणि वर्गात पेंगते. आपण त्याला ‘आळशी’ म्हणून मोकळे होतो!

आता गोळीचे कोडे सुटते. गोळी आतड्यातले जंत मारते, मातीतली अंडी मारत नाही. मातीतून पायात, हातातून तोंडात ही साखळी शाबूत राहिली तर काही महिन्यांत पोट पुन्हा भरते. एका हाताने उपसायचे आणि दुसऱ्या हाताने भरायचे, असा तो प्रकार आहे.

गोळी नसताना जिंकलेली लढाई

साखळी खरोखरच तोडता येते का? येते, आणि ती आपल्याच देशात तोडली गेली आहे. तुमच्या आजी-आजोबांना ‘नारू’ म्हणजे काय ते विचारून पाहा. पायावर फोड येई, तो फुटे आणि त्यातून दोन-तीन फूट लांबीचा दोऱ्यासारखा कृमी हळूहळू बाहेर येई. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढावा लागे. माणूस कित्येक आठवडे अंथरुणाला खिळे. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतील खेडी या रोगाने गांजलेली होती.

नारूची साखळी रशियन शास्त्रज्ञ फेडचेंको याने १८७० च्या सुमारास उलगडली. फोड आलेला माणूस पायविहिरीत उतरला की कृमी हजारो अळ्या पाण्यात सोडतो. सायक्लॉप्स नावाचा मिलिमीटरभर लांबीचा जलचर त्या अळ्या खातो, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या शरीरात नवा नारू वाढू लागतो. या रोगावर लस नव्हती, कृमी मारणारी गोळी नव्हती, आजही नाही. मग काय केले? १९८३-८४ पासून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. पाणी फडक्याने गाळून पिणे, पायविहिरी बंद करून हातपंप बसवणे, सायक्लॉप्स मारणारे औषध पाण्यात टाकणे आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणे, एवढ्याच गोष्टी नेटाने केल्या गेल्या. १९८४ साली देशात सुमारे ४० हजार रुग्ण होते. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

विचार करा! ज्या रोगावर गोळी नव्हती तो गेला, आणि ज्यावर गोळी आहे तो अजून आहे. तो गेला, कारण साखळीची प्रत्येक कडी लोकांना दाखवण्यात आली. गाळलेल्या फडक्यावरचे पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरले की सायक्लॉप्सचे हलणारे ठिपके नुसत्या डोळ्यांनी दिसतात. एकदा दिसले की ते पाणी पिववत नाही.

न दिसणारे दिसावे कसे?

जीवाणूंचे मात्र असे नाही. सायक्लॉप्स १ मिलिमीटरचा. जंताचे अंडे त्याच्या सुमारे पंधरावा भाग. आणि जीवाणू १ मिलिमीटरच्या हजारावा किंवा पाचशेवा भाग लांब. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाने अंडे स्पष्ट दिसते, जीवाणू मात्र कसाबसा ठिपक्यासारखा. त्यातही एक अडचण भौतिकीची आहे. जीवाणूचा अपवर्तनांक सुमारे १.४, तर पाण्याचा १.३३. दोन्ही इतके जवळ की त्यांच्या सीमेवर प्रकाश फारसा वळत नाही आणि जीवाणू पाण्यात लपून जातो. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरिनमध्ये बुडवा. बुडालेला भाग जवळजवळ नाहीसा होतो, त्याचे कारण हेच. म्हणून जीवाणूंना रंग द्यावा लागतो. यालाच अभिरंजन म्हणतात. १८८४ साली हान्स क्रिस्टियान ग्रॅम याने जांभळा रंग आणि आयोडीन देऊन मग अल्कोहोलने धुण्याची युक्ती काढली. काही जीवाणू रंग धरून ठेवतात, काही सोडतात. आजही जीवाणूंची पहिली वर्गवारी याच पद्धतीने होते.

दुसरी युक्ती संवर्धनाची. ती तर तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालू आहे! दूध तापवून निवू देणे म्हणजे माध्यम तयार करणे, विरजण लावणे म्हणजे जीवाणू पेरणे, आणि भांडे उबेला ठेवणे म्हणजे योग्य तापमान देणे. पण दह्यात सगळे जीवाणू एकत्र मिसळलेले असतात. रॉबर्ट कॉख याने त्यांना वेगळे वाढवण्यासाठी आधी उकडलेल्या बटाट्याच्या फोडी आणि मग जिलेटिन वापरले. जिलेटिन उन्हाळ्यात वितळे. तेव्हा फॅनी हेसे या गृहिणीने आपल्या स्वयंपाकघरातले अगर सुचवले. आपल्या वाण्याकडे ‘चायना ग्रास’ म्हणून मिळते तेच हे. घट्ट माध्यमावर प्रत्येक जीवाणू जागच्या जागी वाढतो आणि त्याची वसाहत डोळ्यांना दिसते. कॉलऱ्याचा जीवाणू कॉखने १८८४ साली कलकत्त्यात असाच वेगळा करून दाखवला.

दाभोसा काय सांगते?

आता जव्हार तालुक्यातील दाभोसा डोळ्यांसमोर आणा. लेंडी नदी तेथे सुमारे ३०० फूट खाली कोसळते. पावसाळ्यानंतर ते पाणी इतके नितळ असते की ओंजळ भरून प्यावेसे वाटते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात पाऊस उदंड; पण काळ्या कातळात पाणी मुरत नाही, उतारावरून वाहून जाते आणि एप्रिल-मे महिन्यांत बाया हंडे घेऊन दूरच्या झऱ्यावर जातात. कातळाच्या भेगांतून येणारे पाणी जाड मातीच्या थरातून येणाऱ्या पाण्यासारखे गाळले जात नाही. वरच्या उतारावर उघड्यावर शौच होत असेल, तर त्याचा अंश खालच्या झऱ्यात येऊ शकतो. पाणी नितळ असणे वेगळे आणि निर्जंतुक असणे वेगळे!

अशा ठिकाणी ‘हात धुवा, चपला घाला, पाणी उकळा’ एवढेच फलकावर लिहून चालत नाही. हंडाभर पाणी डोक्यावरून आणावे लागते तेथे हात धुणे ही चैन होते. उकळायला सरपण लागते, चपलेला पैसे लागतात. लोक अडाणी आहेत म्हणून आजारी पडतात, असे मानणे अन्यायाचे आहे. त्यांना आज्ञा नव्हे, पुरावा हवा; आणि तो पुरावा पुढे नळासाठी व शौचालयासाठी ग्रामसभेत मांडताही येतो.

असा पुरावा देणारी सोपी बाटली आपल्याच देशात तयार झाली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली ही चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत पोषक द्रव्ये आणि लोहक्षार लावलेला कागद असतो. खुणेपर्यंत पाणी भरून ती एक दिवस उबेला ठेवायची. विष्ठेतून येणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि पाणी काळे पडते. तिला मर्यादा आहेत. पाणी काळे न पडणे म्हणजे त्यात जंतांची अंडी नाहीत असे नव्हे. क्लोरिनलाही ती अंडी दाद देत नाहीत, उकळल्यावर मात्र मरतात. तरीही काळी पडलेली बाटली शंभर भाषणांपेक्षा अधिक बोलते.

शिक्षकांना विनंती

‘आमच्याकडे प्रयोगशाळा नाही’ ही सबब मला पटत नाही. ‘हे धोक्याचे आहे’ ही शंका मात्र रास्त आहे. म्हणून मर्यादा पाळा. थुंकी, विष्ठा, जखम यांचे संवर्धन शाळेत कधीही करू नये. वाढ झालेली बशी किंवा बाटली उघडू नये; ती शिक्षकांनीच ब्लीचिंग पावडरच्या तीव्र द्रावणाने निर्जंतुक करून टाकावी. जंतांची अंडी तयार काचपट्ट्यांवरच दाखवावीत. अभिरंजनासाठी दही पुरेसे आहे. पातळ दह्याचा थेंब काचपट्टीवर पसरा, वाळवा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवा, मिनिटभर मिथिलीन ब्लू घाला आणि धुवा. ४०० पट मोठे करून पाहिले की निळ्या काड्या आणि ठिपके दिसतील.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळी गोळी हातात येईल तेव्हा ती जरूर खा. पण त्याच दिवशी आपल्या गावाचा नकाशा काढा. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, शौच कोठे होते आणि अनवाणी पायवाटा कोणत्या, ते त्यावर दाखवा. साखळीची सर्वांत कच्ची कडी तुम्हाला त्या नकाशावरच सापडेल. नारूची कडी अशीच शोधून तोडली गेली. जंतांची तोडायचे काम तुमच्या पिढीकडे आले आहे.